पन्नाशीनंतर कादंबरी लिहायला बसताना

बार्शीच्या एका गृहस्थांनी विचारलं आहे: "वय ५३, बँकेत नोकरी. मुलगी पुण्यात शिकते. वडील दीड वर्षापासून अंथरुणाला खिळून आहेत. दहा वर्षांपूर्वी कादंबरी लिहायला घेतली होती, सव्वाशे पानं झाली आणि तशीच राहिली. आता पुन्हा हात घालावा का, की उशीर झाला? पत्नी समजून घेणारी आहे, पण वेळ मिळत नाही. घरातल्या माणसांवर लिहिलं तर ती दुखावतात, त्याचं काय करायचं? आणि तुम्ही सत्तरीला आलात, तर वयानं लिखाण आटतं का, हेही सांगा."

उशीर झालेला नाही. तुम्हाला धीर द्यायचा म्हणून हे म्हणत नाही. कविता विशीत येते, कथा तिशीत उत्तम जमते, पण कादंबरीला काळ लागतो आणि तो वाचनातून पुरेसा मिळत नाही. माणसं आपल्या डोळ्यांदेखत म्हातारी व्हावी लागतात.

श्री. ना. पेंडसे यांचंच बघा. जन्म १९१३ चा. 'गारंबीचा बापू' आली १९५२ साली, तेव्हा ते चाळिशीच्या आतले होते. 'तुंबाडचे खोत' आली १९८७ साली, दोन खंडांत, वयाच्या चौऱ्याहत्तरीत. त्यांची नोकरी मुंबईत बेस्टमध्ये होती आणि लिहीत राहिले ते मुख्यतः कोकण. आता दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचा. पहिलीत एका माणसाची रग आहे, त्याचं गावाशी उभं राहणं आहे. दुसरीत घराणं आहे, पिढ्यांमागून पिढ्या येतात आणि जातात, आणि आजोबाच्या अंगातली एखादी लकब नातवात दिसली की वाचणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. असं घराणं उभं करायचं तर लिहिणाऱ्यानं स्वतः तीन पिढ्यांच्या पंगतीत बसून जेवलेलं असावं लागतं. पंचविशीत कितीही प्रतिभा असली तरी तेवढ्या पंगती झालेल्या नसतात.

लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र आहे, कादंबरी नाही, तरी कादंबरी लिहिणाऱ्यानं त्याचं पारायण करावं असं मला वाटतं. जन्म १८६८ चा, रीतसर शाळा नाही. पहिला भाग पुस्तकरूपानं आला १९३४ साली, म्हणजे वयाच्या सहासष्टीत. १८९५ साली त्यांचे यजमान, कवी ना. वा. टिळक, ख्रिस्ती झाले आणि पुढची काही वर्षं दोघं वेगळी राहिली. त्या काळात या बाईंची काय अवस्था झाली असेल! पण ते दिवस त्यांनी लिहिले तेव्हा मध्ये कितीतरी वर्षं गेली होती. दुःख जसंच्या तसं आहे, कुठं झाकलेलं नाही, आणि त्याच पानावर आपल्याला हसू येतं. नवऱ्यावरचा राग आहे, माया आहे, आणि त्या माणसाचं विक्षिप्तपण जसं होतं तसं आहे. १८९६ साली हे लिहायला बसल्या असत्या तर एकच भावना कागदावर आली असती.

वय झालं की लेखकाला काय मिळतं, याचं माझं उत्तर यातच आहे. गोष्टींचे शेवट पाहिलेले असतात. माणूस एका वयाचा दिसत नाही, सगळ्या वयांचा एकदम दिसायला लागतो.

मी सांगलीची. पाटबंधारे खात्यात कारकून म्हणून लागले आणि त्याच खात्यातून निवृत्त झाले. आमच्या नात्यात कृष्णाकाठच्या एका गावी दोन भावांची वाटणी झाली. थोरल्याकडे विहिरीजवळचा तुकडा गेला, धाकट्याच्या वाट्याला नदीकडची मळी आली. बांधावरून भांडण पेटलं, दिवाणी दावा लागला, बोलणं बंद झालं. पस्तिशीत मी त्यावर कादंबरी लिहिली. तेव्हा माझ्यासमोर भांडण होतं आणि भांडणातलं जे दिसतं ते मी लिहिलं. वाचकांना ती आवडली, आजही तिच्याबद्दल पत्रं येतात.

पण ते कुटुंब माझ्या डोळ्यांसमोरच राहिलं. थोरल्याची मुलं शिकून पुण्याकडं कंपन्यांत गेली. रात्रीची लाईट आली की पाणी पाजायला घरात कुणी उरलं नाही. तेव्हा धाकट्याच्याच मुलानं चुलत्याचं रान खंडानं करायला घेतलं. दावा चालूच होता. तारखेला दोघे भाऊ एकाच एसटीनं मिरजेला जायचे आणि वेगवेगळ्या बाकांवर बसायचे. मग थोरला आजारी पडला. दवाखान्यात धाकटा रोज डबा घेऊन जायचा. भावाशी बोलायचा नाही. डबा कॉटशेजारच्या टेबलावर ठेवायचा, कालचा रिकामा उचलायचा आणि नर्सला विचारायचा, "खाल्लं का त्यांनी?" थोरला तिथंच जागा असायचा. तोही नर्सलाच सांगायचा, "भाकरी मऊ होती म्हणावं."

हे मला पस्तिशीत सुचलं नसतं. तरुणपणी आपण भांडण चांगलं रंगवतो, पण भांडणानंतरची तीस वर्षं मनानं रचायला गेलो की शेवटी समेट तरी करतो नाहीतर खून तरी पाडतो. घरांमध्ये यातलं सहसा काहीच होत नाही. दावाही चालू राहतो आणि डबाही चालू राहतो. माझ्या अलीकडच्या कादंबरीतला सगळ्यात मोठा भाग या डब्यांवर उभा आहे.

तुमच्याजवळ अशी चार-पाच घरं नक्की असतील. त्यात तुम्ही बँकेतले. कर्जाच्या अर्जावर रुबाबात सही करणारा माणूस तुम्ही पाहिलाय. तोच माणूस वीस-पंचवीस वर्षांनी पैसे काढायला येतो तेव्हा हात थरथरतो आणि सही नमुन्याशी जुळत नाही. तुम्ही "काका, पुन्हा एकदा करा" म्हणता आणि ते ओशाळून इकडंतिकडं बघतात. या दोन सह्यांमध्ये अख्खी कादंबरी आहे, आणि ती तुमच्याइतकी जवळून फार थोड्यांनी पाहिली असेल.

आता त्या सव्वाशे पानांबद्दल. ती पुढं चालू करू नका. ४३ व्या वर्षी लिहिणाऱ्या माणसाचा आवाज तुम्हाला आज काढता येणार नाही, आणि काढायचा प्रयत्न केलात तर सव्वाशेव्या पानानंतर वाचकाला सांधा जाणवेल. ती पानं एकदा सलग वाचा. हातात पेन घेऊ नका, दुरुस्त्या करू नका. वाचून झाल्यावर बाड कपाटात ठेवा आणि आठ-दहा दिवस जाऊ द्या. मग काय आठवतं ते लिहून काढा. एखादा प्रसंग, एखादं वाक्य, एखाद्या बाईचं उभं राहणं. जे आठवलं तेवढंच तुमचं. तिथून नवीन कागदावर सुरुवात करा. बहुतेक वेळा असं होतं की जुन्या बाडात जो नायक होता तो बाजूला पडतो आणि कोपऱ्यातलं एखादं पात्र पुढं येतं, कारण मधल्या दहा वर्षांत आपण त्या पात्राच्या वयाचे झालेलो असतो. जुनं बाड फाडू मात्र नका. त्या काळातले भाव, बसचं तिकीट, कोण काय नेसायचं, कुठला शब्द तोंडात होता, हे सगळं त्यात जपलेलं असतं.

वेळेच्या बाबतीत मला तुम्हाला एक प्रश्न विचारायचा आहे. पत्नी समजून घेणारी आहे असं तुम्ही लिहिलंत. तुम्ही लिहायला बसाल तेव्हा वडिलांजवळ कोण बसणार? त्यांना कूस कोण बदलून देणार, डायपर कोण बघणार, दुपारचं औषध कोण देणार? उत्तर पत्नी असं असेल तर ते घरात उघड बोला. मराठीत कितीतरी मोठ्या लेखकांची पुस्तकं घरातल्या बायकांच्या श्रमांवर लिहिली गेली आणि अर्पणपत्रिकेतल्या एका ओळीत ती परतफेड झाली असं मानलं गेलं. मला ते मान्य नाही. माझ्या घरी लिहिण्याचा वेळ ठरला तो बोलून ठरला. पहाटे मी लिहायचे. मुलांचं उठणं, दप्तर, चहा, सासऱ्यांची काठी आणि पेपर हे सगळं त्या वेळात यजमान बघायचे. ऐंशीच्या दशकात सांगलीसारख्या गावात ही गोष्ट सोपी नव्हती, नातेवाइकांत त्यांना बोलणी खावी लागली. त्यांनी ती खाल्ली. तुम्ही पहाटेचा एक तास घेत असाल तर संध्याकाळचा एक तास पत्नीला द्या, आणि त्या तासात त्यांनी काय करायचं हे त्यांचं त्यांना ठरवू द्या. "समजून घेते" या शब्दावर विसंबू नका, वेळापत्रक करा. बाजूच्या खोलीत कुणाची तरी दमछाक चालली आहे हे मनात टोचत असेल तर वाक्य नीट येत नाही, हेही खरं आहे.

मुलं लहान असताना मी दाराला कधी कडी लावली नाही. मुलं यायची, पेन्सिलीला टोक काढून मागायची, भांडण घेऊन यायची. त्यासाठी एक सवय लावून घेतली. उठण्यापूर्वी वहीच्या समासात पुढं काय होणार ते दोन-चार शब्दांत लिहायचं. "तो घाटाच्या पायऱ्या उतरतो. चप्पल हातात. आत्या वरून बघते." मग खुशाल उठायचं, टोक काढून द्यायचं, आमटी उतरवायची. परत आलं की समास वाचायचा आणि चप्पल हातात घेऊन उतरायचं. लिखाणाला सलग वेळच लागतो असं मानत बसले असते तर माझं एकही पुस्तक झालं नसतं. अंथरुणाला खिळलेला माणूस घरात असताना तुम्हालाही सलग वेळ मिळणार नाही. समास वापरा.

आजारी माणसाच्या त्या खोलीबद्दल थोडं जास्त सांगते.

आमच्या सासूबाई शेवटच्या वर्षांत विसरत चालल्या होत्या. आमचं घर गावभागात. पावसाळ्यात आयर्विन पुलापाशी पाणी किती फूट झालं हे आमच्याकडं लहान पोरालाही पाठ असतं. सासूबाई मात्र भर एप्रिलात विचारायला लागल्या, "पाणी कुठवर आलंय?" यजमान सांगायचे, "आई, उन्हाळा आहे. नदीत पाणीच नाही." त्या चिडायच्या. उठून ट्रंक उघडायच्या, लुगडी बाहेर काढायच्या, गाठोडं बांधायला घ्यायच्या. रात्र रात्र जागरण. एकदा असंच विचारल्यावर यजमान जरा थांबले आणि म्हणाले, "खालच्या पायरीपाशी आहे, आई. उतरतंय."

"उतरतंय ना?"

"हो. सकाळपर्यंत पात्रात जाईल."

"मग पोरांना झोपवा," म्हणाल्या, आणि स्वतःही झोपल्या. त्यानंतर आमच्याकडं रोज पाणी उतरत राहिलं.

संवाद कसा लिहावा याचा याहून मोठा धडा मला कुठं मिळालेला नाही. घरात माणूस विचारतो एक आणि त्याच्या मनात भीती असते दुसरीच. समोरचा त्या भीतीला उत्तर देतो किंवा देत नाही, आणि दोघांचं नातं तिथं कळतं. आता संवाद लिहिताना मी आधी ठरवते की विचारणारा कशाला घाबरलाय. प्रश्नाचं सरळ उत्तर शेवटी लिहिते आणि बहुतेक वेळा काढून टाकते.

म्हणून वडिलांच्या खोलीत एक छोटी वही ठेवा. ते काय बोलतात ते त्यांच्याच शब्दांत, तारीख घालून लिहा. त्यावर प्रकरण मात्र इतक्यात लिहू नका. सेवा करताना आपण थकलेले असतो, आणि थकव्यात लिहिलेलं आजारपण नुसतं वास आणि वैताग होऊन कागदावर येतं. अंथरुणावरचा माणूस लाचार दिसतो. तुमचे वडील कधीकाळी सायकलवर पोतं बांधून मोंढ्यात गेले असतील, कुणाच्या लग्नात पंगतीत आग्रह करून वाढत फिरले असतील, तुम्हाला खांद्यावर बसवून भगवंताच्या देवळात घेऊन गेले असतील. कादंबरीत ते आजारी येणार असतील तर त्याच पानाच्या आसपास ही वयंही आली पाहिजेत. वाचकाला तो माणूस अख्खा मिळाला पाहिजे. तेवढं झालं तर त्यांचा मान राखला गेला असं मी समजते.

माणसं दुखावतात, या प्रश्नाचं निम्मं उत्तर यातच आलं. आपल्याला अर्धवट रंगवलं की माणसं जास्त दुखावतात. उरलेल्या निम्म्यासाठी मी काही गोष्टी पाळत आले. हयात माणसाची ढब घ्यावी, बोलण्याची लय घ्यावी, हात कसे हलतात ते घ्यावं. त्याच्या आयुष्यातलं गुपित घेऊ नये. मोडलेलं लग्न, लपवलेलं आजारपण, घरातला पैशाचा व्यवहार या गोष्टी लहान गावात कितीही नावं बदलली तरी ओळखू येतात, आणि त्याचे परिणाम भोगतात घरातल्या मुली. पुस्तकातल्या एका चांगल्या प्रसंगासाठी कुणाच्या मुलीचं जमत आलेलं लग्न फिसकटावं, एवढं मोठं कुठलंच पुस्तक नसतं. यावर माझ्याशी वाद घालणारे लेखकमित्र आहेत. लेखकानं निष्ठुर असावं असं ते म्हणतात. मी आयुष्यभर याच गावात राहून लिहिलं, ज्यांच्यावर लिहिलं त्यांच्या घरी हळदी-कुंकवाला गेले, आणि माझं मत बदललेलं नाही. निष्ठुर व्हायचंच तर स्वतःच्या वाक्यांशी व्हावं.

घरच्यांना हस्तलिखित कधी दाखवावं? पूर्ण झाल्यावर. अर्ध्यात दाखवलंत तर घरातले स्वतःला शोधत वाचतात आणि त्यांच्या चेहऱ्याकडं बघत आपण लिहायला लागतो. पहिला वाचक घराबाहेरचा असावा, शक्यतो दुसऱ्या गावातला, म्हणजे "हा अमुकच ना?" हा प्रश्न येत नाही.

आता वयाबद्दल. लिखाण आटतं का? माझं आटलेलं नाही. पण काही गोष्टी जातात, त्या सांगायला हव्यात. पूर्वी चारशे पानांची कादंबरी मी डोक्यात धरून चालायचे. कुठल्या प्रकरणात कोण कुठल्या खोलीत आहे, हे स्वयंपाक करतानाही दिसायचं. आता तसं राहत नाही. नावं निसटतात. सकाळच्या कामाचे दोन तास झाले की वाक्यं सैल पडायला लागतात, मग उठावं हे बरं. डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि पट्टी निघाल्यावर पिवळट वाटणारा कागद एकदम पांढराशुभ्र दिसला. पडद्यावर अक्षर मोठं करून टाइप करते. बोलून टाइप करायची सोय हात दुखत असला की फार कामाची, पण ती मी फक्त निवेदनासाठी वापरते. "न्हाई" म्हटलं की पडद्यावर "नाही" उमटतं. माझ्या कृष्णाकाठच्या म्हाताऱ्या दोन मिनिटांत शहरातल्या मास्तरणी होतात. संवाद अजूनही हातानंच लिहिते.

डोक्यात राहत नाही ते कागदावर ठेवायचं. ऑफिसात आवक-जावक नोंदवही असायची, तशी प्रत्येक कादंबरीची एक नोंदवही मी घालते. उभ्या रकान्यांत पात्रं, आडव्या ओळींत सालं. सालं मात्र आपल्या भागाची निवडायची, सगळ्यांच्या अंगावरून गेलेली. आमच्याकडं ११ डिसेंबर १९६७ ची पहाट, कोयनेचा भूकंप. मग १९७२ चा दुष्काळ. मग २००५ चा पूर, २०१९ चा पूर. प्रत्येक पात्र त्या दिवशी किती वर्षांचं होतं आणि कुठं होतं, हे लिहून काढायचं. भूकंपाच्या वेळी आत्या सतरा वर्षांची असेल तर तिच्या लग्नाची बोलणी चालू असणार. पाळण्यातला भाऊ उचलून अंगणात कुणी आणला, आईनं की तिनं? हा प्रश्न नोंदवहीनं विचारला आणि त्यातून आत्याचं आणि त्या भावाचं पुढचं सगळं आयुष्य मला सापडलं. पुस्तकात भूकंपाला मोजून दोन ओळी आहेत. कधी कधी एकही नसते. पण वयं पक्की झाली की माणसं आपोआप आपापल्या जागी उभी राहतात.

आणि काही गोष्टी वाढतात. खोडण्याचं धैर्य वाढतं. आवडलेला परिच्छेद काढून टाकताना आता जिवाला लागत नाही. पुरस्कार, परिसंवाद, कुणाचं नाव कुठल्या यादीत आलं, यातलं मन निघून जातं आणि तेवढा वेळ हातात येतो. आणि ज्यांना तरुणपणी खलनायक केलं असतं अशा माणसांची बाजू कळते. क्षमा करावीशी वाटते असं नाही, पण ते तसे का वागले ते दिसतं. कादंबरीला तेवढं पुरतं.

ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी वाढायला लागलं तेव्हा आम्ही घर सोडलं. बाकी सामान माळ्यावर चढवलं. सुनेनं तीन गोष्टी बरोबर घेतल्या: सासूबाईंची औषधं, कागदपत्रांची पेटी आणि माझ्या वह्यांची पिशवी. मी सांगितलं नव्हतं. त्या पुरात नगर वाचनालयातली पुस्तकंही भिजली, आणि गावातल्या कितीजणांच्या घरातली जुनी पत्रं, डायऱ्या, बाडं गेली त्याची गणतीच नाही. माझ्या वह्या वाचल्या त्या ती पिशवी कुठं असते हे घरात एका माणसाला माहीत होतं म्हणून. पन्नाशीनंतर लिहिणाऱ्यानं हे आधी करावं. हस्तलिखित कुठं आहे, संगणकात कुठल्या नावानं आहे, पासवर्ड काय, हे घरातल्या एका माणसाला सांगून ठेवा. फोटो काढून दुसऱ्या गावी कुणाकडं तरी पाठवून ठेवा.

मृत्युपत्र करणार असाल तर त्यात पुस्तकांचे हक्क लिहा. घर, शेत, दागिने सगळे लिहितात, हे राहून जातं. आपल्याकडं लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क टिकतो, म्हणजे नातवंडांच्या हयातीपर्यंत. वारसांमध्ये एकमत नसेल तर पुस्तकाची पुढची आवृत्तीच निघत नाही, अशी पुस्तकं मराठीत आहेत. अप्रकाशित हस्तलिखित मृत्युपत्रानं कुणाला दिलंत तर, वेगळं काही लिहिलं नसल्यास, त्याचा हक्कही त्याच माणसाकडं जातो. म्हणून वही देताना विचार करून द्या. प्रकाशकाशी करार लेखी करा आणि त्यात मुदत घाला. हक्क सोपवल्याचा काळ करारात लिहिलेला नसेल तर कायद्यानं तो पाच वर्षं धरतात.

प्रकाशनाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण एवढं सांगते: कुणी पैसे भरा म्हणालं तर घाई करू नका. आधी एखादं प्रकरण सुटं करून दिवाळी अंकाला पाठवा. अंकांची जुळवाजुळव पावसाळ्यातच होते, तेव्हा जूनपर्यंत मजकूर हातात हवा. छापून आलेलं आपलंच प्रकरण परक्यासारखं वाचता येतं, आणि पुढच्या लिखाणाला त्याचा उपयोग होतो.

आता सुरुवात कुठून करायची? तुमच्या भागाची नोंदवही वेगळी असेल. १९७२ तुमच्याकडंही आहे आणि आमच्यापेक्षा कडक आहे. ३० सप्टेंबर १९९३ ची, किल्लारीच्या भूकंपाची पहाट आहे. बार्शी लाईटची, आता बंद झालेली छोटी रेल्वेगाडी आहे, कुर्डुवाडीला जाणारी. वडील बोलू शकत असतील तर आजच विचारा. दुष्काळात ते किती वर्षांचे होते? खडी फोडायला गेले होते का, कुणाबरोबर? मिलोची, म्हणजे दुष्काळात बाहेरून आलेल्या लाल ज्वारीची भाकरी कशी लागायची? घरातलं जनावर विकलं का, आणि विकायला कोण घेऊन गेलं? किल्लारीच्या पहाटे त्यांनी आधी कुणाला हाक मारली? एका वेळी एकच प्रश्न विचारा, ते दमतील. सांगताना साल चुकलं, नाव चुकलं, तर दुरुस्त करू नका. जसं म्हणाले तसं लिहा, आणि खाली आजची तारीख घाला.